बारा आण्यांची शाळा

दोस्तांनो, आपल्या चळवळीत एक भांडण फार जुनं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. एकजण म्हणतो, आम्हाला नाव पाहिजे, पुतळा पाहिजे, तिकिटावर-नोटेवर आमचा माणूस पाहिजे. दुसरा म्हणतो, नावानं अन् चित्रानं पोट भरत नाही, शाळा द्या, नोकरी द्या, जमीन द्या. दोघंही आपलेच. दोघंही जयभीम करून बैठकीला बसतात आणि उठताना एकमेकांकडं पाठ करून जातात. पहिल्याला दुसरा कोरडा वाटतो, दुसऱ्याला पहिला भाबडा.

याचा निकाल घोषणेनं लागणार नाही. चित्र म्हणजे काय, ते कोण काढतो, आणि काढल्यावर त्याच्यावर काय बंधन येतं, हे सरळ तपासावं लागेल. त्यासाठी मी एक लहानशी वस्तू घेतो. पोस्टाचं तिकीट. बोटाच्या पेराएवढा कागद. पण राज्य स्वतःला कसं बघतं, हे त्या कागदाएवढं उघड दुसरीकडं क्वचितच दिसतं.

इंग्रजी अमलातली हिंदुस्थानची तिकिटं बघा. सुरुवातीची पाऊणशे वर्षं तिकिटावर राणीचं नाहीतर राजाचं डोकं. मग १९३१ साली नवी दिल्लीची तिकिटं आली. त्यावर पुराना किल्ला, युद्धस्मारकाची कमान, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचा वाडा, सेक्रेटरिएट. १९३५ साली पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाची आली. त्यावर गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल, रामेश्वरचं देऊळ, सुवर्णमंदिर, कलकत्त्याचं जैन मंदिर. १९३७ साली टपाल कशी जाते त्याची मालिका निघाली. बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, बोट, लॉरी, विमान. आणि दोन आण्यांच्या तिकिटावर पायी धावणारा डाकवाला.

या सगळ्यात शाळा नाही. वाडे आले, देवळं आली, कमानी आल्या, उंटसुद्धा आला. दीडशे वर्षं आम्ही तुम्हाला शहाणं केलं असं म्हणणाऱ्या सरकारला आपल्या तिकिटावर एक शाळा छापावीशी वाटली नाही. डाकवाल्याचे पाय छापले. त्या पायांना अक्षर मिळालं का, हा प्रश्न छापला नाही. गावोगाव सरकारी निरोप अन् टपाल पोचवणं हे महाराच्या वतनातलं काम होतं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी दुसऱ्याची अक्षरं वाहिली. ओझं वाहायला जात आड आली नाही, ओझ्यावर काय लिहिलंय ते वाचायला मात्र आली. ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं, आणि कायद्यानं ते मोडलं १९५८ साली. मध्ये तीस वर्षं गेली.

मग शाळेचं चित्र कुठं सापडतं? सापडतं निजामाच्या तिकिटावर. हैदराबाद संस्थानाचं पोस्ट वेगळं होतं, तिकिटं वेगळी होती आणि आपला मराठवाडा त्या संस्थानात होता. १९३१ सालच्या मालिकेत एक आण्याला चारमिनार, दोन आण्यांना हायकोर्ट, चार आण्यांना उस्मानसागर, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचं दार, एक रुपयाला दौलताबादचा मनोरा. आणि बारा आण्यांच्या तिकिटावर बिदरचं कॉलेज, म्हणजे महमूद गवानाचा मदरसा. पुढं १९३७ साली निजामाच्या रौप्यमहोत्सवाला एक आण्याच्या तिकिटावर उस्मानिया विद्यापीठसुद्धा आलं.

बिदरची ती शाळा मोठी होती. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान यानं १४७२ साली ती बांधली. तीन मजली, रंगीत फरशांची, उंच मनोऱ्यांची. बाहेरदेशचे विद्वान तिथं येऊन शिकवत. १४८१ साली सुलतानानं त्याच गवानाला खोट्या आरोपावरून मारलं. पुढं मोगलाई आली, शाळेत शिपाई राहिले, दारूगोळा साठला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला. एक मनोरा उभा राहिला. म्हणजे तिकिटावर जी शाळा आली ती दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेली. तिथं घंटा वाजत नव्हती, हजेरी होत नव्हती. अजिंठ्याचंही तसंच. बुद्धाचं शिकवणं जिथं दगडात कोरलं, त्या दारावर आठ आण्यांचा भाव छापला. लेणी सुंदर म्हणून छापली. त्या शिकवण्यात माणूस जातीनं हलका ठरत नाही, हे काही तिकिटावर आलं नाही.

इथं पहिली गोष्ट पकडून ठेवा. राज्याला पडलेली शाळा छापायला सोपी जाते. चालू शाळा छापली की लोक विचारतात, तिथं आमचं पोर घेतलं का? पडक्या शाळेला असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिचं फक्त कौतुक होतं. आणि कौतुकाला खर्च लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. ज्या शाळा चालू होत्या, सरकारी होत्या, सर्वांसाठी आहेत असं कागदावर म्हणत होत्या, त्या खरोखर सार्वजनिक होत्या का? सार्वजनिक म्हणजे काय? सरकारनं बांधली म्हणून? सरकारच्या पैशावर चालते म्हणून? दारावर पाटी लावली म्हणून?

१८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. मुंबई सरकारनं त्याला आत घेतलं नाही. कारण काय, तर एकाला घेतलं की बाकीचे उठून जातील. तत्त्व म्हणून दार उघडं, व्यवहार म्हणून बंद. सरकारी तिजोरीत महाराचा पैसा नव्हता का? सारा कोण भरत होतं? मिठाचा कर कोण देत होतं? जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं. पैसा राबणाऱ्या रयतेचा, आणि शिक्षण वरच्या वर्गाचं. मुळात पाया बांधा, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. सरकारी शाळेनं जे दिलं नाही ते जोतीबा-सावित्रीमाईंच्या शाळेनं दिलं. मग सांगा, या दोन शाळांत सार्वजनिक कोणती? सरकारच्या दप्तराप्रमाणं पहिली. माणुसकीच्या दप्तराप्रमाणं दुसरी.

पुढं बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. आज त्या तारखेला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. दाखल झालं म्हणजे दार उघडलं, असं वाटतं. पण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला घरून गोणपाट न्यायचं, कोपऱ्यात वेगळं बसायचं, संध्याकाळी गोणपाट परत घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावत नसे. आणि शिपाई आला नाही तर पाणी नाही. म्हणजे पोरगं हजेरीपटावर होतं, शाळेच्या जमिनीवर नव्हतं. त्याच्या बुडाखालची हातभर जागासुद्धा त्यानं घरून आणलेली. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात, तीही सरकारीच, बाबासाहेब फळ्याकडं निघाले तर पोरं आपले डबे उचलायला धावली. डबे फळ्यामागं ठेवलेले होते.

म्हणून मी म्हणतो, सार्वजनिक हा इमारतीचा गुण नाही. तो वापराचा गुण आहे. शेवटचा माणूस जेव्हा न विचारता आत जातो, बसतो, पाणी पितो, प्रश्न विचारतो, तेव्हाच ती जागा सार्वजनिक होते. तोवर ती सरकारी असते, एवढंच.

हे तत्त्व कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते महाडच्या पाण्यातून आलंय. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. लक्षात घ्या, त्या ठरावात पाण्याबरोबर शाळाही होती. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. पण कागदानं ओठ ओले होत नाहीत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली, त्या दिवशी तळं सार्वजनिक झालं.

आणि लगेच काय झालं? आधी डोकी फोडली. मग तळं शुद्ध केलं. मग कोर्टात गेले आणि म्हणाले, हे तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! आम्ही हात लावेपर्यंत ते सगळ्यांचं होतं. आम्ही हात लावला आणि ते खासगी झालं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं.

ही चाल नीट ओळखा, कारण ती म्हातारी झालेली नाही. सरकारी शाळेत आमची पोरं बसायला लागली, तशी पैसेवाल्यांची पोरं तिथून उठली. २०१२ साली महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांना, मागासांना ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला. जवळ किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागा द्यायला नकोत. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो नियम रद्द केला. बरं झालं. पण चाल तीच. एल्फिन्स्टनच्या पोरांनी डबे उचलले, यांनी अख्खी शाळा उचलली.

आता परत तिकिटाकडं येऊ, कारण भांडणाचा निकाल तिथंच आहे.

तिकीट म्हणजे चित्र नव्हे. चित्र त्याच्यावर असतं. तिकीट म्हणजे पावती. आधी पैसे घेतल्याची पावती. ते पाकिटावर चिकटवलं की पोस्टावर बंधन येतं, पोचवायचंच. पाठवणारा कोण, त्याची जात काय, हे विचारायचा अधिकार पोस्टाला राहत नाही. १८५४ सालापासून हलक्या पत्राला अर्धा आणा, देशात कुठंही. ब्राह्मणाला अर्धा आणा आणि महारालाही अर्धा आणा. आणि तिकीट चिकटवायचं कसं? जिभेनं. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधायला लावत, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या भाषणात नोंदवून ठेवलंय. तीच थुंकी तिकिटाच्या पाठीवर लागली आणि सोवळ्या घरात बिनबोभाट गेली. कुणी पत्राला गोमूत्र शिंपडलं नाही, कारण पत्रात मनिऑर्डरीची, कोर्टाची, नोकरीची खबर असायची. फायदा दिसला की विटाळ पळतो. म्हणजे विटाळ हा धर्माचा नियम कमी आणि सोयीचा जास्त.

टपाल खातं समतेचं देऊळ होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, आधी पैसे घेतले की पोचवायचं बंधन, हा नियम राज्याला माहीत होता. तो पत्राला लागू केला. पोराला लागू केला नाही. सारा घेतला, कर घेतला, वेठ घेतली, डाक वाहून घेतली. पावती दिली. आणि शाळा पोचवली नाही.

इथं आपल्या दोन्ही भावांना उत्तर मिळतं. जो म्हणतो चित्रानं काय होतं, त्याला सांगायचं, बाबा, चित्र ही पावती आहे, फाडून टाकू नको. राज्यानं १९६६ साली बाबासाहेबांचं तिकीट काढलं, १९७७ साली जोतीबांचं, १९९८ साली सावित्रीमाईंचं. त्या दिवशी राज्यानं कबूल केलं की या माणसांचं देणं आमच्यावर आहे. आणि जो चित्रावरच खूश आहे त्याला सांगायचं, बाबा, पावती अल्बममध्ये ठेवून माल मिळत नाही. तिकिटं जमवणाऱ्यांच्या बाजारात कोऱ्या तिकिटाला सहसा जास्त भाव असतो. शिक्का न बसलेलं, डिंक न उडालेलं. हक्काचं उलटं आहे. न वापरलेला हक्क स्वच्छ राहतो आणि कामाचा राहत नाही. हक्कावर शिक्का बसला पाहिजे, तो मळला पाहिजे, चुरगळला पाहिजे.

कोणी म्हणेल, मग नामांतराला एवढं रक्त कशाला सांडलं? ते तर नुसतं नाव होतं. नव्हतं. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज उभं केलं. ज्या मुलखाच्या तिकिटावर पडकी शाळा होती त्या मुलखात चालू कॉलेज काढलं. आमची पोरं तिथं शिकली. म्हणून १९७८ साली विद्यापीठाला त्यांचं नाव मागितलं, तेव्हा माल पोचलेला होता, पावती मागत होतो. विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरं जळली. पोचिराम कांबळेला मारलं. नावासाठी एवढी आग का लागते? कारण सनातन्यालाही कळतं की नाव म्हणजे कबुली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. नाव पोकळ असतं तर त्यांनी ते १९७८ लाच देऊन टाकलं असतं.

आता आपल्या पालघर-बोईसरकडं या. १९५५ सालच्या तिकिटांच्या मालिकेत सहा पैच्या तिकिटावर यंत्रमाग आहे. ट्रॅक्टर आहे, धरण आहे, पोलादाचा कारखाना आहे. शाळा त्यातही नाही. स्वतंत्र राज्यानं माग छापला, मागावरच्या पोराची शाळा छापली नाही. १९६९ साली तारापूरची अणुभट्टी चालू झाली, त्याच्या पुढं-मागं एमआयडीसी उभी राहिली. केमिकल, औषधं, कापड. कामाला माणसं कुठून कुठून आली. विदर्भ-मराठवाड्यातून आपली, वर उत्तरेतून, ओरिसातून, आणि इथलेच वारली, ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे. माझ्या पाळीतल्या माणसांना शाळा कधी सुटली विचारलं तर एक उत्तर पुन्हा पुन्हा येतं. आठवी. नाहीतर नववीत.

हे आठवी कुठून आलं? नशिबातून नाही. संविधानाचं कलम २१-अ म्हणतं, सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क. कलम २४ म्हणतं, चौदा वर्षांखालच्या पोराला कारखान्यात घ्यायचं नाही. दोन्ही कलमं चांगली, दोन्ही लढून मिळालेली. पण शेजारी ठेवून वाचा. ज्या वाढदिवसाला शाळेचा हक्क संपतो त्याच वाढदिवशी कारखान्याची मनाई संपते. पुढं २०१६ च्या दुरुस्तीनं अठरापर्यंत धोक्याच्या कामाला मनाई आली. पण शाळेचा हक्क अठरापर्यंत आला नाही. २०२० च्या शिक्षण धोरणात अठरा वर्षांपर्यंतचं बोलणं आहे, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरणावर कोर्टात जाता येत नाही. म्हणजे हायस्कूल, माध्यमिक शाळा, आजही आमच्या पोराला हक्क म्हणून नाही. मिळाली तर मिळाली. ती अजून बारा आण्यांच्या तिकिटावरच आहे.

आणि खालची शाळाही सुखरूप नाही. २०१७ साली पटसंख्या दहाच्या आत म्हणून तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचं ठरवलं. २०२३ साली वीसच्या आतल्या शाळांच्या समूह शाळा करायचं निघालं. डोंगरातल्या पाड्यावर पोरं असणार कितीशी? वीस पोरं म्हणजे तिथं अख्खा गाव. संख्या कमी म्हणून हक्क कमी, हे कुठलं गणित? धारवाडला तर पोरगं एकच होतं.

याच जिल्ह्यात उलटं उदाहरणही झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं डहाणू तालुक्यात कोसबाडला गेल्या. वारल्यांची पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. भिंत नाही, मनोरा नाही. अशा शाळेचं चित्र काढायचं तर इमारत काढताच येत नाही, पोरंच काढावी लागतात. त्या बाया आमच्या समाजातल्या नव्हत्या, आणि सुधारणेवर आमचे आक्षेप आहेत ते आहेतच. दया म्हणून दिलेलं आणि हक्क म्हणून घेतलेलं यात फरक आहे. पण पोर शाळेपर्यंत येत नसेल तर चूक पोराची नाही, अंतराची आहे, आणि अंतर शाळेनं कापायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं. पोस्टमन तेच करतो की. पत्त्यापर्यंत तोच चालतो.

म्हणून माझं म्हणणं एवढं. नाव की भाकरी, हा प्रश्नच मोडलेला आहे. नाव मागा, आणि नावाखाली जे येणं आहे ते वसूल करा. १४ एप्रिलला मिरवणूक काढा, आणि १५ जूनच्या आसपास शाळा उघडते तेव्हा वस्तीत घरोघर फिरा. आठवी झालेलं कुठलं पोर नववीत गेलं नाही, त्याची यादी करा. पोराचं नाव, पत्ता, कारण. फी का, अंतर का, जातीचा दाखला का, की बाप पडला म्हणून कामाला लावलं. ती यादी पंचायत समितीत द्या, पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून घ्या. पुढच्या महिन्यात परत जा. अठरा वर्षांपर्यंतचा हक्क कायद्यात घ्या, हे प्रत्येक सभेत मागा. हे काम पुतळ्याच्या कामापेक्षा हलकं नाही आणि भारीही नाही. एकाच पावतीच्या त्या दोन बाजू आहेत. एका बाजूला चित्र असतं, दुसऱ्या बाजूला डिंक. दोस्तांनो, डिंकाच्या बाजूनं लागा कामाला.

जयभीम.